नागपूर ते बॅलार्ड पिअर: टॅक्सीच्या तीन टप्प्यांचा हिशेब

क्रूझचं बुकिंग केलेल्या माणसाला जहाजाचं तिकीट आणि विमानाचं भाडं तोंडपाठ असतं. या दोहोंमधल्या टॅक्सीचं मात्र "बघू तिथे गेल्यावर" असंच चालतं. जानेवारीत माझ्या नागपूरच्या मावसभावाने हा प्रश्न आधीच विचारला, म्हणून हिशेब नीट मांडता आला. तो इथे पूर्ण देते आहे. मुंबईबाहेरून येऊन बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर जहाजात बसणारी कुटुंबं आता बरीच झाली आहेत आणि सगळ्यांची अडचण थोड्याफार फरकाने हीच असते.

माणसं सहा: भाऊ, वहिनी, शाळकरी वयाची दोन मुलं आणि भावाचे आईवडील, म्हणजे माझी मावशी आणि काका. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून विमान, रात्री मुंबईत हॉटेल, शनिवारी दुपारी जहाजावर चढायचं, सोमवारी सकाळी जहाज परत आणि त्याच दुपारी नागपूरचं विमान. म्हणजे टॅक्सीचे टप्पे तीन: विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते धक्का, धक्का ते विमानतळ. भावाचा फोनवरचा प्रश्न एका ओळीचा होता, "ताई, टॅक्सीचे किती लागतीन ते सांगून दे ना." त्याला एकच आकडा हवा होता. मी दोन दिले, एक मीटरचा आणि एक पाकिटात ठेवायचा. त्या दोघांत इतका फरक का, हे त्याला पटवण्यातच जास्त वेळ गेला.

मीटरचा आकडा

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये घेते आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. वातानुकूलित कूल कॅबचे तेच आकडे ४८ आणि ३७ रुपये २० पैसे. मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळात २५ टक्के जास्त. सिग्नलला किंवा कोंडीत उभं राहिलं तर मीटर त्या थांबण्याचेही पैसे मोजतो. आता मीटरवर थेट रुपयेच दिसतात. पूर्वी चालकाने पुढे केलेल्या कार्डावर आकडा शोधावा लागायचा, ती कटकट गेली.

मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ पासून बॅलार्ड पिअर सुमारे २५ किलोमीटर. पश्चिमेकडून सी लिंक आणि कोस्टल रोडने जा, किंवा पूर्वेकडून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने ईस्टर्न फ्रीवे धरून ऑरेंज गेटला उतरा, अंतरात फार फरक पडत नाही. पैशांत पडतो. सी लिंकला कारला एका फेरीचे १०० रुपये टोल आहे आणि तो प्रवाशाने द्यायचा असतो. कोस्टल रोड आणि फ्रीवे दोन्ही फुकट. शिवाय फ्रीवे संपतो तो पी. डिमेलो रस्त्यावर, म्हणजे बंदराच्या भिंतीलगतच. धक्क्यावर जायचं असेल तर मला पूर्वेची वाट सरळ वाटते. चालक मात्र बहुतेक वेळा सी लिंकच सुचवतात.

२५ किलोमीटरचं मीटर असं: दीड किलोमीटरचे ३१, उरलेल्या साडेतेवीसचे ४८५.५०, मिळून ५१७ रुपये. हा आकडा या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. विमान उशिरा उतरून बारा वाजून गेले तर तोच ६४६ होतो. कूल कॅबमध्ये तेच अंतर ९२२ रुपयांना पडतं.

अंधेरी की फोर्ट

भावाने अंधेरी पूर्वेला, मरोळकडे, हॉटेल हेरून ठेवलं होतं. विमानतळापासून चार किलोमीटर. "रात्री उतरलो की लगेच हॉटेल, टॅक्सीचे पैसे वाचतात," असं त्याचं म्हणणं. माझ्या डोक्यात फोर्ट होतं, धक्क्यापासून दोन किलोमीटरच्या आत. मी ठामपणे सांगणार होते की अंधेरीने टॅक्सी महाग पडेल. आधी आकडे मांडले ते बरं झालं.

सहा माणसं म्हणजे दोन काळ्या-पिवळ्या, कारण एका टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. अंधेरीचं हॉटेल धरलं तर पहिला टप्पा ८३ रुपये, दुसरा २६ किलोमीटरचा ५३७, तिसरा ५१७. दोन टॅक्सींचे मिळून २,२७४. फोर्टचं धरलं तर पहिला ५१७, दुसरा ४१, तिसरा ५१७. दोन टॅक्सींचे २,१५०. फरक अवघा १२४ रुपयांचा.

विमानतळ आणि धक्का यांच्यामधलं अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना कापायचंच आहे. हॉटेल त्या वाटेवर कुठेही घेतलं तरी एकूण किलोमीटर जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे विमानतळाजवळ राहून टॅक्सीचे पैसे वाचतात हे खरं नाही, आणि धक्क्याजवळ राहून वाचतात हेही नाही. लांबचा टप्पा शुक्रवारी रात्री करायचा की शनिवारी दुपारी, एवढंच आपल्या हातात असतं. दादरला राहिलं तरी हिशेब असाच निघाला असता. वाट सोडून आडबाजूला, पवई किंवा ठाण्याला, हॉटेल घेतलं तरच अंतर खरोखर वाढतं.

खोल्यांच्या दराचं काय? त्या शनिवार-रविवारी फोर्टातल्या बऱ्या हॉटेलात दोन खोल्या अंधेरीपेक्षा एकूण अडीच-तीन हजारांनी महाग होत्या. टॅक्सीचा फरक त्यापुढे काहीच नाही. निव्वळ पैशाने अंधेरी जिंकत होतं, हे मी भावाला सांगून टाकलं. तरीही मी फोर्टच सुचवलं, कारण दुसरा टप्पा.

जहाज थांबत नाही. चेक-इनची खिडकी निघण्याच्या काही तास आधी बंद होते. अंधेरीहून शनिवारी दुपारी निघालेली दोन टॅक्सींची मिरवणूक, त्यातली एक सायनला अडकलेली, एकीत मुलांचे कागद आणि दुसरीत मुलं, हे चित्र मला नको होतं. विमानाला उशीर झाला तर रात्री फोर्टला पोचायला उशीर होईल, फार तर जेवण चुकेल. जहाजाला उशीर झाला तर सहाही तिकिटं बुडतील. लांबचा टप्पा अशा वेळी करावा की चुकला तर स्वस्तात चुकेल. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी मुंबईचा लोंढा दक्षिणेकडून उत्तरेला चाललेला असतो, विमानतळाहून फोर्टकडे येणारी गाडी त्याच्या उलट दिशेला धावते. सोमवारी सकाळी फोर्टहून विमानतळाकडे जातानाही तसंच. वहिनीला हा मुद्दा लगेच पटला. भावाला खोलीचे तीन हजार आणखी दोन दिवस टोचत राहिले.

नऊ बॅगा

हा विषय मी काढला तेव्हा सगळ्यांना हसू आलं. कोण किती बॅगा नेणार, असं विचारल्यावर उत्तर आलं नऊ. जहाजावर एका रात्री झकपक जेवण असतं म्हणून ठेवणीतले कपडे, पोहण्याच्या तलावासाठी मुलांचं वेगळं सामान, मावशीची फराळाची बॅग, आणि 'लागलंच तर' म्हणून दोन.

बाहेरगावच्या माणसाला मुंबईच्या टॅक्सीची डिकी डोळ्यासमोर येत नाही. रस्त्यावरची जवळपास सगळी काळी-पिवळी सीएनजीवर चालते आणि गॅसची टाकी डिकीत असते. उरलेल्या जागेत एखादी कापडी पिशवी बसते, चाकांची मोठी बॅग बसत नाही. मग दोनच जागा: टपावरचं कॅरियर आणि चालकाशेजारची सीट. जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या टपावर अख्खा संसार चढायचा, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून उतरली. आताच्या छोट्या गाड्यांपैकी सगळ्यांना कॅरियर असतंच असं नाही. अॅपवरून येणाऱ्या सेडानलाही बहुतेकदा सीएनजीच असतो.

तीन माणसं मागे, एक बॅग पुढच्या सीटवर, दोन टपावर. एका टॅक्सीत तीन माणसं आणि तीन बॅगा, दोन टॅक्सींत सहा आणि सहा. सातवी बॅग आली की मांडीवर घ्यायची, आठवी-नववी आली की तिसरी टॅक्सी. तिसऱ्या टॅक्सीचे तिन्ही टप्प्यांचे १,०७५ रुपये, म्हणजे एकूण ३,२२५. दोनाच्या तीन गाड्या झाल्या की खर्च दीडपट. संध्याकाळच्या गर्दीत अॅपचं भाडं चढतं म्हणून आपण कुरकुरतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्या चढीला मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत मुभा दिली आहे. पण जास्तीच्या तीन बॅगा म्हणजे आपणच तिन्ही टप्प्यांवर लावून घेतलेली दीडपट चढ, आणि ती गर्दी नसतानाही लागते.

"मग सहा सीटवाली मोठी गाडी घेऊ," भाऊ म्हणाला. तिसरी रांग उघडली की त्या गाडीत सामानाची जागा संपते. सहा माणसं बसतात आणि बॅगा फुटपाथवर राहतात. चार माणसं आणि सहा बॅगा असत्या तर ती गाडी उत्तम. सहा माणसं आणि सहा बॅगांना नाही.

नवाच्या सहा बॅगा झाल्या. फराळाची बॅग कायम राहिली, 'लागलंच तर'च्या दोन्ही गेल्या आणि मुलांचं सामान एकत्र झालं. या सगळ्या आखणीत सर्वांत जास्त पैसे याच निर्णयाने वाचले.

रिक्षाचाही प्रश्न आला, कारण नागपुरात रिक्षाची सवय. मुंबईत रिक्षा उपनगरांपुरती, वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला ती येऊच शकत नाही. धक्क्यापर्यंत तिचा उपयोग नाही.

पाकिटातला आकडा

मीटरचे २,१५०. त्यावर थांबण्याचे पैसे, विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरचा मीटरहून जास्त असलेला दर, सामानाचे वेगळे पैसे, अॅप वापरलं तर त्याची चढ. या सगळ्यांसाठी मी सरळ दीडपट धरली, ३,२२५. चालक सी लिंकवर वळलेच तर दोन टॅक्सी आणि दोन लांबचे टप्पे, असे चारदा शंभर. ३,६२५ झाले. भावाला सांगितलं, चार हजार वेगळ्या पाकिटात ठेव, त्यातले हजारभर शंभरच्या आणि पन्नासच्या नोटांत. यूपीआय सगळीकडे चालतं, पण मोबाइलच्या रेंजची खात्री नाही आणि मागे हॉर्न वाजत असताना फोन काढून बसायला नको.

आणखी एक सूचना दिली, पैशाशी थेट संबंध नसलेली. चालकाला 'क्रूझ' किंवा 'जहाज' एवढंच सांगायचं नाही. सांगायचं 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट'. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल, ज्याचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं, ते तिथे आहे. नुसतं जहाज म्हटलं की काही चालक भाऊच्या धक्क्याला नेतात, कारण रेवस, मोरा आणि मांडव्याला जाणाऱ्या बोटी तिथून सुटतात. काही गेटवेला नेतात. दोन्ही ठिकाणं जवळच आहेत, पण दोन टॅक्सी दोन वेगळ्या धक्क्यांवर पोचल्या तर पुढचा अर्धा तास फोनवर जातो.

प्रत्यक्षात

शुक्रवारी विमान वेळेवर आलं. प्रीपेड काउंटरवर दोन काळ्या-पिवळ्यांच्या पावत्या, सामानासकट, मिळून १,३०० च्या आसपास. मीटरच्या १,०३४ पेक्षा अडीचशे जास्त. मला हे पैसे वाया गेले असं वाटत नाही. रात्री, अनोळखी शहरात, म्हातारी माणसं सोबत असताना पावतीवर आकडा छापलेला असणं याला किंमत आहे. एका टॅक्सीला कॅरियर नव्हतं. एक बॅग भावाच्या मांडीवर बसून फोर्टला आली.

दुसरा टप्पा मजेशीर. मीटरने ४१ रुपयांचा आणि अंदाजात सगळ्यांत जास्त चुकलेला. हॉटेलबाहेरच्या टॅक्सीवाल्यांना दोन किलोमीटर जायचंच नव्हतं. बॅगा पाहून एकाने सरळ दीडशे सांगितले, दुसऱ्यानेही तेच. मीटरचा आग्रह धरता आला असता, भाडं नाकारल्याची तक्रारही करता आली असती, पण त्या दिवशी चेक-इन गाठायचं होतं. ८२ च्या जागी ३०० गेले. तेव्हापासून मी जवळच्या फेरीचा हिशेब किलोमीटरने करतच नाही. सामानासकट टॅक्सीमागे दीडशे धरून मोकळी होते. लांबच्या टप्प्यात अंदाज वीस-पंचवीस टक्क्यांनी हुकतो, जवळच्या टप्प्यात चौपट हुकतो. रुपयांत ती रक्कम लहान असते म्हणून पोटात दुखत नाही इतकंच.

तिसऱ्या टप्प्याची मला सुरुवातीपासून धास्ती होती. जहाज सकाळी लागतं आणि दीड-दोन हजार माणसं तासा-दोन तासांत बाहेर पडतात. सगळ्यांना एकाच वेळी टॅक्सी हवी असते. विमानतळावर दिवसभर विमानं उतरत असतात म्हणून टॅक्सींचा ओघ कायम असतो. धक्क्यावर जहाज आठवड्यातून मोजक्या वेळा येतं, तेव्हा तिथे उभा असलेला टॅक्सीवाला भाव सांगणारच. सोमवारी भाव होता एका टॅक्सीला बाराशे. अॅपवर गाड्या सापडत होत्या, पण त्या फाटकाबाहेरच्या गर्दीत शिरायला तयार नव्हत्या आणि एकामागून एक फेऱ्या रद्द होत होत्या.

यासाठी पर्याय आधीच ठरवला होता. काका आणि भाऊ सगळ्या बॅगा घेऊन एका टॅक्सीत. बाकीच्या चौघांनी भुयारी मेट्रोने जायचं. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. सीएसएमटीलाही तिचं स्टेशन आहे आणि टर्मिनल २ लाही. सगळ्यात लांबच्या प्रवासाचं भाडंच ७० रुपये. सहाही बॅगा घेऊन मेट्रोत शिरायला मी कुणाला सांगणार नाही, आणि काकांना जिने-सरकते जिने नकोच होते. पण हातात पर्सएवढंच सामान असलेल्या वहिनीला, मावशीला आणि मुलांना कोंडीत बसण्यापेक्षा ती बरी. मुलांना तर जहाजानंतर तेवढाच आनंद झाला.

भाऊ ग्रीन गेटच्या गर्दीतून बाहेर बॅलार्ड इस्टेटच्या आतल्या रस्त्यावर चालत गेला, तिथे मीटरने यायला तयार असलेली, टपावर कॅरियर असलेली काळी-पिवळी शोधली आणि मग काकांना आणि बॅगांना घ्यायला परत आला. वीस मिनिटं गेली. फ्रीवेने विमानतळ, मीटर ५६० रुपये. मेट्रोवाल्या चौघांना सीएसएमटीपर्यंत टॅक्सीचे साठ आणि तिकिटांचे जास्तीत जास्त २८०. तिसरा टप्पा नऊशेत झाला. बाराशेच्या दोन टॅक्सी घेतल्या असत्या तर चोवीसशे.

एकूण १,३००, ३०० आणि ९००, म्हणजे अडीच हजार. नुसत्या मीटरच्या हिशेबापेक्षा साडेतीनशे जास्त, पाकिटातल्यापेक्षा दीड हजार कमी.

नवी मुंबईचं तिकीट मिळालं असतं तर

बुकिंगच्या वेळी भावाने हेही विचारलं होतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथे उतरून बॅलार्ड पिअरला यायचं तर अटल सेतूने पस्तीसेक किलोमीटर. मीटर ७२३ आणि सेतूचा टोल २५० पर्यंत, मिळून एका टॅक्सीला ९७३, दोघींना १,९४६. टर्मिनल २ हून येण्याच्या १,०३४ पेक्षा नऊशेहून थोडे जास्त. टोल वाचवायला वाशीवरून यायचं तर हलक्या वाहनांचा मुंबईच्या वेशीवरचा पथकर ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, पण किलोमीटर आणि वेळ दोन्ही वाढतात. रिकाम्या परतीचा टोलही चालक मागू शकतो, तो बसण्याआधीच ठरवून घ्यायचा.

नऊशे रुपये सहा माणसांत वाटले की माणशी दीडशे. विमानाचं तिकीट माणशी दीडशेपेक्षा जास्त स्वस्त मिळत असेल तर येताना नवी मुंबई परवडते. परतीला मी ती घेतली नसती, कारण तिकडे भुयारी मेट्रो जात नाही आणि सोमवारच्या गर्दीत दोन्ही टॅक्सी धक्क्यावरच मिळवाव्या लागल्या असत्या.